आम्ही सहाच गाणी रेकॉर्ड केली होती

मी इलेक्ट्रिशियन माणूस. कुठं खरखर ऐकू आली की आधी वायर तपासतो, भूतबीत माझ्या डोक्यातही येत नाही. म्हणूनच हे लिहायला इतके दिवस लागले...

माजलगावात धान्याच्या मोंढ्यामागं पत्र्याचं एक रिकामं गोदाम आहे. तिथं आम्ही तिघांनी रॉक अल्बम केला. गिटार आणि आवाज महादेवचा, ड्रम्स माझे, बेसवाला त्याचा मावसभाऊ. दोन माईक, त्यातला एक भजनी मंडळाचा. आवाज घुमू नये म्हणून भिंतींना बारदाना बांधलेला. पण महादेव गायला लागला की वाटायचं, आपल्या बोलीत एवढी आग होती आणि कुणी पेटवलीच नव्हती!

सातवं गाणं राहिलं. धरणात गेलेल्या त्याच्या आजोळाचं. ते रेकॉर्ड करायच्या दिवशी त्याचा आवाज फुटेना. पुढं तपासण्या, घशाचं ऑपरेशन... आता तो फक्त कुजबुजतो. सहा गाणी तशीच नेटवर टाकली. दोन वर्षं कुत्रं फिरकलं नाही. मग कुणीतरी एक गाणं शेअर केलं आणि पोरं वेडी झाली. अंगावर आमच्या ओळी गोंदवून घेतलेले फोटो यायला लागले!

त्यातच साताऱ्याच्या एका नर्सची कमेंट आली — ‘शेवटचं धरणाचं गाणं ऐकून रडले.’ खाली अजून दोघांनी लिहिलं, ‘सेम.’

मी तिला मेसेज केला, "ताई, धरणाचं गाणं अल्बममध्ये नाही."

"असं कसं दादा? सहाव्यानंतर लागतं की." तिनं अख्खं गाणं टाइप करून पाठवलं. मी तिच्याकडून फाईल मागवली. सहाच गाणी. तीही गोंधळली. नंतर तिला ते पुन्हा कधी ऐकू आलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी महादेवच्या घरी गेलो. गाण्यांची वही फक्त त्याच्याकडं. ते गाणं त्यानं एकदाच, गोदामात मला वाचून दाखवलं होतं.

"कुणाला दिलतं का बे?"

"न्हाई. कावून?"

वही आणि मोबाईल शेजारी ठेवून आम्ही ओळ न् ओळ ताडून पाहिली. सगळं जुळलं, एक शब्द सोडून. वहीत होतं, ‘पाण्याखाली गाव माझं झोपलंय.’ तिनं लिहिलं होतं, ‘जागंय.’

मला हायसं वाटलं. म्हटलं, "बघ, चुकली ती. कुठून तरी अर्धवट ऐकलं असंल."

महादेवनं वहीतल्या त्या शब्दावर बोट ठेवलं. मग मला जवळ ओढून कानाशी कुजबुजला, "चुकली न्हाई. दवाखान्यात पडल्या पडल्या मीच बदलला त्यो शब्द... मनातल्या मनात. लिहिला बी न्हाई कुठं."

मग त्यानं डोळे पुसले, चक्क हसला. "लई चांगलं झालं बे. कुणीतरी ऐकलं."

मी फाईल, लॅपटॉप, सगळं उलटंपालटं करून तपासलं. काही सापडलं नाही. तुमच्यापैकी कुणाला यामागचं कारण सुचलं तर जरूर सांगा. महादेव मात्र विचारत नाही. त्यानं नवी वही आणली आहे, आणि रोज दुपारी लिहीत बसतो.