गोमाची हक्काची रजा

अपूर्णांकावर इतके जिवापाड प्रेम करणारा दुसरा माणूस साऱ्या कुलाबा जिल्ह्यात झाला नसेल, आणि तो नेमका माझा थोरला साडू निघाला. आमच्या गावच्या म्युनिसिपालिटीत ते हेडक्लार्क होते, मी शाळेत मास्तर. पाहुणे आले की कोण किती दिवस राहिले त्या प्रमाणात ते आंबे वाटून देत. चार दिवस राहिलेल्या माझ्या भाचीच्या वाट्याला साडेतीन आंबे आले, तेव्हा तो अर्धा त्यांनी खरोखरच सुरीने कापून, पुडीत बांधून दिला. एकदा जेवताजेवता त्यांनी अक्कांना, म्हणजे माझ्या थोरल्या मेहुणीला, सांगितले की, सरकारी नियमाने पाहिले तर लग्नापासून तुमची दीड वर्षाची भरपगारी रजा साचली आहे. मग स्वयंपाक कोण करील, एवढेच अक्कांनी विचारले. ते ताटातला भात कालवीत म्हणाले, ‘‘बदली माणसाची तरतूद नाही खरी.’’

अकरा दिवस चाकरी केली की एक दिवस भरपगारी रजा, असा शिपाई-कारकुनांचा नियम होता. पण दिवेवाला गोमा, बाजार झाडणारी बाई, आठवड्यातून तीन दिवस दवाखान्यात येणारी सुईण, अशा थोड्या वेळेच्या माणसांबद्दल पुस्तकात अवाक्षर नव्हते. पुस्तक गप्प आहे म्हणजे रजा नाही, असे सगळे समजत. साडू समजत की लिहिणारा विसरला. ‘‘थोडा वेळ राबणारा माणूस थोडा तरी दमतोच ना, मास्तर?’’ असे ते मला विचारीत.

वैशाखात गोमाला मुंबईहून पत्र आले. दिवसा तो मिठागरात खपायचा आणि संध्याकाळी खांद्यावर शिडी घेऊन गावचे दिवे लावायचा. बायको केव्हाच गेलेली. एकुलता मुलगा गिरणीत होता, तो आजारी पडून इस्पितळात होता. पत्र मीच वाचून दाखवले. गोमा तसाच कचेरीत गेला आणि बिनपगारी का होईना, मला सोडा, म्हणाला. साडूंचे डोळे भरून आले. त्यांनी त्याला सांगितले की बिनपगारी कशाला, रजा तुझ्या हक्काची आहे, दोन दिवस थांब, मी काढून देतो. अमुक एक गोष्ट आपल्या हक्काची आहे, असे गोमाला जन्मात कुणी सांगितले नव्हते. तो थांबला.

पण चांदण्या रात्री दिवे लावायचे नाहीत, अशी म्युनिसिपालिटीची काटकसर होती. मात्र आभाळ भरले असेल तर लावायचे. म्हणजे गोमाने वर्षात काम किती केले हे ठरवायला गेल्या वर्षीच्या कोणत्या चांदण्या रात्री ढग होते, हे कळायला हवे. साडू पंचांग काखोटीला मारून निघाले. चौलच्या देवळातल्या गुरवाला विचारले, रेवदंड्याच्या कोळ्यांना विचारले. मी बरोबर होतो. आश्विनातल्या शुद्ध चतुर्दशीला आभाळ होते का, असे त्यांनी मासळी वाळत घालणाऱ्या एका म्हातारीला विचारले. ती म्हणाली, ‘‘व्हतं. त्याच दिशी माजा घरवाला होडी घेऊन गेला, तो आला न्हाय.’’ साडूंनी वहीत ‘ढगाळ’ असे लिहिले आणि त्या गावात पुढे कुणालाच काही विचारले नाही.

सहा दिवसांनी उत्तर निघाले : अठरा संध्याकाळ. सभेत त्यावर कल्लोळ झाला. एक सभासद म्हणाले, रोज तीन तास राबणाऱ्या माणसाला अठरा दिवस कसले, त्याचे सहा दिवस आणि वर काही तास होतात. साडूंनी फळ्यावर मांडून दाखवले की हिशेब दोन्हीकडून चोपन्न तासांचाच आहे. ते कुणाला पटेना. शेवटी अध्यक्ष शांतपणे म्हणाले, ‘‘उजळ पंधरवड्यात त्याला काम नसतंच. तेव्हा जा म्हणावं. रजा लागतेच कशाला?’’ कागद खुलाशासाठी अलिबागला जिल्हा कचेरीत गेला. साडू रोज टपालाची वाट पाहत आणि गोमा कचेरीच्या पायरीवर साडूंची.

उत्तर आले नाही. शुक्ल पक्ष मात्र आला. गोमा रेवदंड्याहून बोटीने गेला, रजेवाचून. तो पोचला तेव्हा मुलगा जाऊन चार दिवस झाले होते.

परत आल्यावर तो कचेरीत आला. साडू उभे राहिले. हेडक्लार्क दिवेवाल्यासाठी उभा राहिलेला आमच्या गावाने पहिल्यांदाच पाहिला. गोमा म्हणाला, ‘‘भाऊसायब, तुमी माज्याच भल्याचं बघत व्हता.’’ याहून कठोर शब्द तो बोलला असता तर बरे झाले असते, असे साडू मला पुढे कितीदा तरी म्हणाले.

अलिबागचे उत्तर दिवाळीनंतर आले. अर्धवेळ नोकरांस रजेचा नियम लागू नाही, अशी एक ओळ. साडूंनी ती आवक बारनिशीच्या वहीत नोंदवली, टोपी घातली आणि दिवेलागणीच्या आधी गोमाच्या घरी जाऊन त्याची शिडी मागून आणली. त्या वर्षी आणि पुढे पेन्शनीत जाईपर्यंत दरवर्षी अठरा संध्याकाळी गोमाला घरी बसवून गावचे दिवे त्यांनी लावले. पोरे हसली, अध्यक्षांनी समज दिली, अक्कांनी कोटावरचे घासलेटाचे डाग धुऊन काढले. शिडी धरायला मी जात असे. काडी पेटवायला त्यांना तीन-तीन खेपा लागत.

अशाच एका संध्याकाळी शिडी परत द्यायला मी एकटा गेलो. गोमा ओट्यावर हात मांडीवर ठेवून बसला होता. बरा आहेस ना, विचारले. तो म्हणाला, ‘‘भाऊसायबांना सांगू नका, मास्तर. पन या येळेला घरात बसवत न्हाय मला.’’

मी सांगितले नाही. दुसऱ्या दिवशी साडूंची शिडी धरायला गेलो, तर पलीकडच्या बाजूने गोमाही येऊन धरून उभा होता. वर साडू काचेवरची काजळी पुसत होते. त्यांनी खाली पाहिले आणि दिवा लावला.