रिकामं पिंप

आमच्या पोलादपूरकडच्या गावात उन्हाळ्यात टँकर येतो आणि टँकर आला की घरोघरी पिंप लागतं. निळं, जाड प्लास्टिकचं, कधीकाळी महाडच्या कारखान्यात रसायन भरून आलेलं. कारखान्याने टाकलं की बिरवाडीचा भंगारवाला ते उचलतो आणि आम्ही त्याच्याकडून आणतो.

मी शाळेत शिकवते. फेकू नका, पुन्हा वापरा, हे मुलांना घसा बसेपर्यंत सांगते. त्यामुळे पिंप निवडायला नवऱ्याबरोबर मीच गेले. भंगारवाल्याने विचारलं, “ताई, धुतलेलं देऊ का रिकामं?” मला वाटलं, धुतलेलं म्हणजे आधी घाण झालेलं आणि रिकामं म्हणजे कोरं, ज्यात काही भरलंच नाही. मी ऐटीत रिकामं घेतलं. त्याच्या धंद्यात रिकामं म्हणजे आतला माल ओतून घेतलेलं, एवढंच.

घरी दोनदा विसळून भरलं. नव्या भांड्यातलं पहिलं पाणी गोठ्यात द्यायचं, ही आमच्या घरची रीत. म्हैस गाभण होती. ती प्यायली आणि थोड्याच वेळात तिचे पाय लटपटले, तोंडाला फेस आला. तडफडताना तिने भिंतीवर आपटून एक शिंग मोडून घेतलं. गुरांचा डॉक्टर येईपर्यंत नाकातून रक्त येऊन ती गेली. पोटातलं रेडकू मात्र हलत होतं. सासरे तिच्या पोटावर हात ठेवून “हाय रे, अजून हाय,” म्हणत बसले होते. मग तेही हलायचं थांबलं.

माझं डोकं फिरलं. कोयता घेऊन पिंपावर तुटून पडले. कोयता प्लास्टिकवरून उसळला आणि माझ्याच पोटरीत बसला. नवरा ओरडला, “आता कुणाला मारतेस?” कुणाला ते मला पक्कं ठाऊक होतं. पोटरीला फडकं बांधलं आणि त्याला मोटारसायकल काढायला लावली.

भंगारवाला जेवत होता. शर्टाला धरून उठवला आणि थोबाडीत दिली. मग दुसरी. त्याचा ओठ फुटला, ताटातल्या भातावर रक्त सांडलं. नवऱ्याने त्याला पत्र्यावर आपटला. त्याने एकदाही हात उचलला नाही, नुसता “मी इचारलं व्हतं ताई, मी इचारलं व्हतं,” म्हणत राहिला. त्या म्हणण्याचाच मला जास्त संताप आला, आठवलं की अजून येतो.

त्याची बायको आतून धावत आली. दाराशेजारच्या निळ्या पिंपात तिने तांब्या बुडवला आणि ती आपल्या नवऱ्याला म्हणाली, “दोन घोट प्या आधी.” त्या पिंपावर कवटीचं चित्र अजून अर्धं चिकटलेलं होतं. मी तांब्यावर झडप घातली. मी आता तिला मारणार असं वाटून तिने दोन्ही हातांनी डोकं झाकलं.

“हे पाणी पिऊ नका गो!” मी ओरडले.

हात तसेच डोक्यावर ठेवून ती म्हणाली, “मग दुसरं कुठं हाय?”