उंब्रजपर्यंत गेलेली बाटली

दस्तगीर मिस्त्रीचं काम जितकं चांगलं होई, तितकी त्याला पायपीट जास्त पडे. असला उफराटा धंदा सातारा-सांगलीच्या मुलखात दुसऱ्या कुणी केल्याचं ऐकिवात नाही, आणि शहाण्याने करूही नये.

लढाईचे दिवस होते. पेट्रोल कुपनावर मिळे. उतारूंच्या सर्व्हिस मोटारी पेट्रोलऐवजी पाठीला कोळशाची भट्टी बांधून धापा टाकत चढ चढायच्या. साताऱ्यात मोटारसायकली अशा मोजून सहा-सात, आणि त्यांचे मालक पेट्रोलचा थेंब सांडला तरी दिवसभर हळहळणारे. दस्तगीर मूळचा सांगलीचा. तिथल्या एका गॅरेजात जॅक निसटून चाक डाव्या गुडघ्यावर आलं आणि पाय कायमचा अधू झाला. मग तो बायकोला घेऊन साताऱ्याला आला आणि पोवई नाक्याजवळ पत्र्याची शेड टाकून बसला. गाडी आली की तो तिचा कार्बोरेटर उघडी, पेट्रोल यायची वाट बारीक करी, व्हॉल्व्ह घासून नीट बसवी, ठिणगी पडायची वेळ केसभर अलीकडे आणी. गाडीला जोर येई आणि तिची तहानही कमी होई.

पण कमी म्हणजे किती? इथे दस्तगीरचं डोकं फिरलेलं होतं. अंदाजपंचे सांगणं त्याला पाप वाटे. तो टाकी पार कोरडी करी. निघालेलं पेट्रोल मालकासाठी पत्र्याच्या डब्यात काढून ठेवी. मग मालकाच्याच कुपनातली एक बाटली टाकीत ओतून कऱ्हाडच्या रस्त्याला लागे आणि गाडी बंद पडेपर्यंत जाई. बंद पडली की जवळचा मैलाचा दगड बघे आणि लंगडत, गाडी ढकलत परत येई. काम न केलेली गाडी नागठाण्याला दम टाकी. दस्तगीरचा हात फिरला की अतीत गाठी. फारच जमलं तर काशीळ, म्हणजे चौदा मैल.

"मिस्त्री, आज कुठवर?" नाक्यावरचे लोक विचारत.

"काशीळ," घामाने निथळत तो सांगे, आणि असं सांगे की जणू मक्केहून आलाय.

"आरं, मग दुसरी बाटली संगं न्यायची की गड्या."

"दुसऱ्याचं कुपन माज्या पायासाठी जाळू व्हय?" असं म्हणून तो गाडी शेडमध्ये लोटी.

या पायपिटीवर कुरकुर करायची ती एकटी त्याची बायको, सुगराबी. ती माण तालुक्यातली. तिचा बाप पीरमहंमद मुलाणी दहिवडीच्या पलीकडे एका वाडीत राही. कोरडवाहू तुकडा आणि खिलार बैलांची एक जोडी, एवढाच त्याचा संसार. रात्री नवऱ्याच्या गुडघ्याला एरंडाचं पान बांधताना ती पुटपुटत राही, आणि तो उद्याच्या गाडीचा विचार करत राही.

त्या वर्षी उन्हाळ्याच्या तोंडी गुरांचे डॉक्टर आप्पासो निकम आपली मोटारसायकल घेऊन शेडमध्ये आले. चेहरा उतरलेला.

"दस्तगीर, माणात बुळकांडी आलीय. तुझ्या सासऱ्याच्याच वाडीत. परवा पुण्याहून बर्फात लस येईल. ती दुपारच्या आत टोचली पाहिजे, बर्फ विरघळला की तिचं पाणी झालं. वाडी पंचेचाळीस मैल, आणि माझ्याकडे अडीच बाटल्या उरल्यात. तुझी मोजायची बाटली वेगळी."

"परतीचं?"

"परतीचं दहिवडीच्या कचेरीतून मिळेल. जायचंच अडलंय."

दस्तगीरने मनात हिशेब केला. काशीळच्या चालीने धरलं तरी पस्तीस मैल. "दहा मैल कमी पडत्यात, डाक्टर."

"ठाऊक आहे. जादा बाटलीच्या चिठ्ठीसाठी अर्ज लिहून ठेवलाय. उद्या संध्याकाळी साहेब दौऱ्यावरून येतात. तू तुझं काम कर."

सुगराबी दाराशी उभी राहून सगळं ऐकत होती. बुळकांडी म्हणजे काय हे माणातल्या बाईला सांगावं लागत नाही. गुरं पटापट मरतात, दावणीच्या दावणी मोकळ्या होतात.

दस्तगीरने दिवसभर खपून गाडी सुरात लावली. दुसऱ्या दिवशी सकाळी टाकी कोरडी करून डबा भिंतीशी ठेवला, बाटली ओतली, हातपाय धुऊन भाकरी खाल्ली आणि निघाला. नागठाणं गेलं. अतीत गेलं. काशीळ आलं तेव्हा त्याने सवयीने पाय खाली घ्यायची तयारी केली. पण गाडी काही थांबेना. पंधरावा दगड गेला, सोळावा गेला. अठराव्या दगडाला त्याने मोठ्याने अल्लाचं नाव घेतलं. गाडी बंद पडली ती थेट उंब्रजच्या वेशीत, एकविसाव्या मैलाला. तो उतरला आणि रस्त्यातच मटकन बसला.

जरा सावरल्यावर त्याने नेहमीप्रमाणे प्लग काढून पाहिला. प्लगचा रंग भाजलेल्या शेंगेच्या टरफलासारखा तांबूस होता, काशीळच्या गाडीचा असतो तसाच. पेट्रोल खरोखर इतकं कमी जळत असतं तर तो खडूसारखा पांढरा पडायला हवा होता. ही गोष्ट दस्तगीरइतकी साताऱ्यात दुसऱ्या कुणाला कळत नव्हती. तो क्षणभर प्लगकडे बघत राहिला. मग त्याने तो पुसला आणि जागच्या जागी बसवून टाकला. माणसाला आनंद झाला की नको ते दिसेनासं होतं.

एकवीस मैल गाडी ढकलत तो दिवेलागणीला शेडपाशी पोहोचला. गुडघा भोपळ्याएवढा सुजला होता आणि चेहऱ्यावर हसू मावत नव्हतं. सुगराबी कंदील घेऊन बाहेर आली आणि थिजून उभी राहिली.

"आज बी ढकलतच?" तिच्या तोंडून कसंबसं निघालं.

"उंब्रज!" दस्तगीर ओरडला. "सुगरा, उंब्रज!"

डॉक्टर अर्ज खिशात घालून शेडमध्ये वाट बघत बसलेच होते. ते ताडकन उठले. त्यांनी दोनदा विचारलं, दगडाचा आकडा विचारला आणि मिस्त्रीला मिठी मारली. दस्तगीरच्या तोंडचा मैल म्हणजे सरकारी दगडापेक्षा पक्का, हे सगळा सातारा मानत होता. एकवीसने अडीच बाटल्यांचे बावन्न मैल होत होते. डॉक्टरांनी अर्ज फाडला, तुकडे वाऱ्यावर सोडले आणि पहाटे लशीची पेटी पाठीमागे बांधून ते माणाकडे निघून गेले.

सकाळी दस्तगीरला डब्याची आठवण झाली. डॉक्टरांचं उरलेलं पेट्रोल द्यायचं राहिलं होतं. बघतो तर डबा कोरडा ठणठणीत.

"सुगरा, यातलं पेट्रोल कुठं गेलं?"

ती चुलीपुढून उठली नाही. "रागावू नगा. म्या टाकीत वतलं. तुमी भाकरी खात व्हता तवा."

"काय?"

"तुमी अतीतला जाता आन् तेल सरतं म्हणून ढकलत येता. म्हटलं, अर्धी बाटली जादा आसंल तर येताना बसून याल. पाय बघवत न्हाई वो मला तुमचा. तुमी तर लांब जाऊन आला. रातच्याला सांगणार व्हते, पर तुमी येवढं हसत व्हता."

दस्तगीरने डबा खाली ठेवला. इतक्या वर्षांत त्याने बायकोला कधी सांगितलंच नव्हतं की आपण अतीतला जात नाही, गाडी थांबेल तिथवर जातो. तिने त्याचे मैल वाचवायला पेट्रोल ओतलं आणि त्याला सात मैल जास्त ढकलायला लावलं, हे त्याच्या डोक्यात आलंसुद्धा नाही. त्याला फक्त डॉक्टर दिसत होते, आणि तो तांबूस प्लग. पस्तीस मैल. पुसेगावच्या पुढचं उघडं माळरान. वर बर्फाची पेटी.

शेडमध्ये हंबीरराव बागाईतदाराची मोटारसायकल दुरुस्तीला उभी होती. दुसऱ्याच्या थेंबाला न शिवणाऱ्या माणसाने तिच्या टाकीतून न विचारता बाटलीभर पेट्रोल काढलं आणि दहिवडीची कोळशाची मोटार पकडली. मोटार चढाला दोनदा थांबली. दोन्ही वेळा दस्तगीर खाली उतरून ड्रायव्हरच्या आधी भट्टीतले निखारे चाळवायला लागला. उतारू हसले. त्याला ऐकू आलं नाही.

पस्तिसाव्या दगडाच्या जरा पुढे डॉक्टरांची गाडी बाभळीला टेकवलेली दिसली. जवळ डॉक्टर नव्हते, पेटीही नव्हती. दस्तगीरने पेट्रोल ओतून किक मारली. गाडी एका दमात पेटली, इतकी सुरेख लागली होती ती.

वाडीत तो पोहोचला तेव्हा दुपार कलली होती. पेटी डोक्यावर घेऊन दहा मैल चालत आलेले डॉक्टर आप्पासो नुकतेच टेकले होते. सगळी वाडी आपापली गुरं धरून रांगेत उभी होती. सगळ्यांत पुढे पीरमहंमद, दोन्ही हातांत दोन बैल. डॉक्टरांनी पेटी उघडून आत हात घातला, आणि तो हात तसाच राहिला. पाणी कोमट झालं होतं. त्यांनी एकेक कुपी उचलली, फोडली आणि लस धुळीत ओतली.

"उंब्रजपर्यंत गेली होती ना रे?" डॉक्टरांनी वर न बघता विचारलं.

"न्हाई, डाक्टर. काशीळचीच गाडी व्हती. चूक माजी हाय. प्लग बघूनसुद्धा म्या तुमाला सांगितलं न्हाई."

"मग उंब्रजला गेली कशी?"

"मोजायला चुकलो," दस्तगीर म्हणाला. सुगराबीचं नाव त्याने काढलं नाही.

नवी लस यायला तीन दिवस लागले. तेवढ्यात वाडीतली एकोणीस गुरं गेली. पीरमहंमदचा उजवीकडचा बैल दुसऱ्या दिवशी बसला तो उठला नाही. दस्तगीर तिथेच राहिला आणि खड्डे खणायला लागला. गुडघा वाकत नव्हता, तरी खणत राहिला.

घरी आला तेव्हा सुगराबी दारातच उभी होती.

"बाची बैलं?"

"एक हाय."

तिने त्याला पाय धुवायला पाणी दिलं. मग अगदी हळू म्हणाली, "आवं, खरं सांगा. म्या तेल वतलं म्हणून तर न्हवं?"

आयुष्यात कधी पाव मैलाची थाप न मारलेला माणूस बायकोच्या डोळ्यांत बघत म्हणाला, "न्हाई. तुज्या वतण्याचा काय संबंध? प्लग खराब व्हता."

तिने पुन्हा कधी विचारलं नाही. दस्तगीरला वाटलं, पटलं. पुढच्या महिन्यात एक गाडी बाटलीभर पेट्रोलवर अतीतच्या अलीकडे बंद पडली. तो उतरून दगड बघायला गेला, तर दगडावर भाकरीचं गाठोडं घेऊन सुगराबी बसलेली. पहाटेच्या बैलगाडीने येऊन थांबली होती; गाडी पुढे गेली असती तरी ढकलत याच रस्त्याने परतणार, हे तिला ठाऊक होतं. ती उठली, पदर खोचला आणि मागून गाडीला हात लावला.

साताऱ्यापर्यंत दोघं ढकलत आली. त्यानंतर सुगराबी दर खेपेला आली.