अंड्यांच्या पेटीवरची पट्टी

बदकाची सात पिल्लं अंड्यातच बुडून मेली, ती माझ्यामुळे. बायकोमुळे नव्हे. हे तोंडाने म्हणायला मला अख्खा पावसाळा लागला, आणि तोवर मी तिला तिच्याच हातांना दोष देऊ दिला.

बडोद्यात आमच्या सुभानपुऱ्याच्या घरामागे फरशी घातलेली थोडी जागा आहे. तिथे तिने बदकांची जोडी पाळली होती. बँकेतल्या मैत्रिणीच्या शेतावरून आणलेली. जूनमध्ये मुंगसाने मादी मारली. नर एकटा राहिला. बदकांत मोठ्याने ओरडते ती मादी; नराचा आवाज घोगरा, घसा बसल्यासारखा. तो दिवसभर तशा आवाजात पाण्याच्या टबाभोवती फिरायचा. मादीने शेवटी घातलेली सात अंडी बायकोने गार कोपऱ्यात जपून ठेवली होती. "याला सोबत हवी, आणि ती तिचीच हवी," ती म्हणाली आणि तिने अंडी उबवायची पेटी मागवली.

मी हसलो. शेजारच्या गुजराती बेनना मात्र वेगळीच काळजी, ही अंडी आम्ही खाणार तर नाही. कुंपणावरून डोकावून त्यांनी विचारलं, "खावानां तो नथी ने?"

"ना रे बेन, बच्चां काढवानां छे," बायको म्हणाली.

"तो सारुं. उपर भाई बेसशे?"

अंड्यांवर मी बसणार का, या कल्पनेने दोघी इतक्या हसल्या की बेनच्या हातातली कोथिंबीर खाली पडली. मला ते लागलं. या पेटीत आपलं डोकं चालवून दाखवायचं, हे मी तिथेच ठरवलं. इतक्या क्षुद्र कारणासाठी मी त्यात पडलो.

आमच्या घराण्यातले पुरुष संस्थानच्या काळापासून शहाणे. पणजोबा कारकुनांचे मसुदे तपासायचे, आजोबा विद्यार्थ्यांचे पेपर, मी ऑफिसात इतरांची ड्रॉइंगं. तपासायचं ते दुसऱ्याचं. आमटी खारट झाली तर ती का खारट झाली हे आम्ही सांगतो. आमटी करत नाही. बडोद्यात असे पुरुष बरेच आहेत. लग्नाकार्यात भेटतो तेव्हा एकमेकांना ओळखतो आणि एकमेकांचं ऐकत नाही.

पेटीत उष्णता आपोआप सांभाळली जाते, ओलावा मात्र आपल्याला सांभाळावा लागतो. पिल्लू वाढतं तसं अंड्यातलं थोडं पाणी कवचातून उडून जावं लागतं. त्या जागी अंड्याच्या बोथट टोकाला हवेची पोकळी होते, आणि पिल्लू पहिला श्वास तिथे घेतं. पेटीतली हवा फार दमट असली तर पाणी उडत नाही, पोकळी लहान राहते, पिल्लाला श्वास मिळत नाही. हे सगळं बायकोने वाचलं होतं. मी दोन व्हिडिओ पाहिले होते.

पेटीतलं ओलावा मोजायचं छोटं मीटर मी तपासायला घेतलं. बाटलीच्या झाकणात ओलसर मीठ भरायचं, मीटरसकट ते घट्ट डब्यात बंद करून ठेवायचं. काही तासांनी डब्यातल्या हवेत ओलावा पंचाहत्तर टक्के होतो, काटा तिथे यायला हवा. आला पासष्टवर. म्हणजे मीटर दहा कमी दाखवत होतं. मी काय केलं? चिकटपट्टीवर 'दहा वजा' लिहिलं आणि ती पेटीच्या झाकणावर लावली. अधिक करायच्या जागी वजा.

"नक्की वजाच ना? परत एकदा बघता का?" बायकोने विचारलं.

"मी एकदा बघितलं की बघितलं."

तिला पंचावन्न टक्के ओलावा हवा होता. मीटरवर पासष्ट दिसलं की माझ्या पट्टीप्रमाणे दहा वजा करून ती पंचावन्न समजायची. खरा ओलावा होता पंचाहत्तर. बाहेर पाऊस, आत माझी अक्कल.

दर रविवारी ती खोलीत अंधार करून अंड्याला टॉर्च लावायची आणि पोकळीची कड पेन्सिलीने कवचावर आखायची. तिसऱ्या रविवारी म्हणाली, "अहो, पोकळी वाढतच नाहीये. पेटीतलं पाणी कमी करू?"

"टॉर्चने दिसतं ते अंदाजे," मी पेपरमधून मान वर न करता म्हणालो. "आकडा बघ. आकडा बरोबर आहे ना?"

तिने पाणी तसंच ठेवलं.

पिल्लं बाहेर यायची वेळ आली आणि गेली. एकाच अंड्याला बारीक तडा गेला, तोही पुढे वाढला नाही. शेवटी तिने एकेक अंडं फोडलं. पूर्ण वाढलेली पिल्लं, चोची, पंजे, सगळं जागच्या जागी, पिवळी पिसं अंगाला चिकटलेली. प्रत्येक अंड्यातून पाणी सांडलं. तिने सातही मोगऱ्याखाली पुरली.

आणि मी म्हणालो, "अंडी फिरवताना तुझे हात ओले असायचे."

त्याच दुपारी ती झोपली असताना मी मीटर परत मिठात ठेवलं. काटा पुन्हा पासष्टवर. तेव्हा कुठे वजा आणि अधिक यांतला फरक शाळकरी पोरासारखा मला कळला. मी पट्टी सोलून काढली, चुरगाळली, कचऱ्यात टाकली. संध्याकाळी तिने विचारलं, "पट्टी कुठे गेली?" मी म्हणालो, "निघाली असेल दमटपणाने." खोटं बोलतानाही मी कारणासकट बोललो.

त्यानंतर ती अंड्यांबद्दल बोललीच नाही. झाडांना पाणी घालताना एकदा हाताकडे बघून म्हणाली, "माझ्या हाताला यश नाही." मी ऐकलं आणि चहा मागितला.

पाऊस ओसरला तेव्हा तिने मैत्रिणीला फोन केला. नर परत शेतावर जाणार होता, पेटीही त्याच्याबरोबर. भोकं पाडलेल्या खोक्यात तिने त्याला बसवलं, खोका स्कूटरवर पायाशी ठेवला. आतून तो घोगरा आवाज येत होता. तिने स्कूटर चालू केली.

"थांब," मी म्हणालो. "त्याचं असं आहे, मिठाची चाचणी करताना मुळात..."

"अहो, व्याख्यान नको. ऊन चढतंय. काय झालं ते सांगा."

"मीटर कमी दाखवत होतं. मी उलटं सांगितलं. पाणी कमी करू का विचारलंस, तेव्हा तुझंच बरोबर होतं."

तिने स्कूटर बंद केली.

"कधी कळलं?"

"त्याच दुपारी."

"आणि पट्टी?"

"मीच काढली."

 तिने वाकून खोका उचलला आणि माझ्या हातात दिला. तो हलत होता, मला दोन्ही हातांनी धरावा लागला. कारण सांगायला हात मोकळा नव्हता, आणि कारण उरलंही नव्हतं.

"माझं चुकलं," मी म्हणालो. "पिल्लांचं चुकलंच. पण तू स्वतःच्या हातांकडे बघत होतीस आणि मी गप्प बसलो, ते जास्त चुकलं. मला माफ कर."