शेंगांचा काठ

माझी बायको देवाघरी जायच्या आदल्या सांजेले आम्ही दोघांनी तुरीच्या शेंगा सोलल्या. तो हिरवा वास अजून बोटांवर आहे.

पन्नासेक वर्षांआधी मी नागपुरात हातमागावर लुगडी विणायचो. काठाची नक्षी जुनी म्हणून इतवारी बाजारातला कापडाचा शेठ ती वापस करायचा. एकदा हिनं अशाच शेंगा ओळीनं मांडल्या.

"असा काठ विणा."

"शेंगा कोणी नेसते का वं?"

"विणून तं पाहा!"

तीनदा उकललं, चौथ्यांदा जमलं. शेठनं लुगडं उन्हात धरलं, आणखी मागितली.

"नक्षी कोणाची गा?"

"माझी."

शेठले काय म्हटलं, तेही घरी हिले सांगितलं. "बरं झालं," म्हणाली, आन् भाकर वाढली. मी अर्धी भाकर तशीच ठेवून उठलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेठकडे पायी गेलो. म्हटलं, "नक्षी बायकोची आहे." हे तिले सांगायचं राहूनच गेलं.