फ्लेक्सवर नावाच्या जागी चौकोन

मूल गावातल्या एका फ्लेक्सच्या दुकानात मी काही वर्षं डिझाइनचं काम केलं. मालकांना सगळे चाचा म्हणायचे, मीही. त्यांचा साळा अधूनमधून दुकानात येऊन बसायचा आणि छपाईच्या मशीनशी खेळायचा. गिऱ्हाईकं पेनड्राइव्हमधून फोटो आणायची आणि सोबत व्हायरसही. एकदा जुनी डिझाइनं त्यातच गेली. मग मी कॉम्प्युटरवर लिनक्स टाकलं आणि बाहेरच्या फायली उघडणाऱ्या प्रोग्रामला कडक नियम लावले. एका फोल्डरमधून वाचायचं, दुसऱ्यात लिहायचं, बाकी कशाला हात लावायचा नाही. सिस्टीमच राखण करणार. कॉम्प्युटरसमोर कोण बसलंय ते बघणार नाही. मला स्वतःचा फार अभिमान वाटला.

तो दोन दिवस टिकला.

तिसऱ्या दिवशी मी जेवायला गेले असताना चाचांनी एका होतकरू पुढाऱ्याच्या वाढदिवसाचा फ्लेक्स न बघताच छापला. गॉगलवाला फोटो झकास आला होता. खाली नावाच्या जागी मात्र नुसते चौकोन.

"माह्यं नाव कुठी गेलं?" पुढाऱ्यानं विचारलं.

चाचांनी ॲडमिनचा पासवर्ड टाकून प्रोग्राम पुन्हा चालवला. पुन्हा चौकोन.

"मालक मी, पासवर्ड माह्या, अन् हे मलेच नाई म्हणून राह्यलं?"

"चाचा, हा नियम मालकालेबी लागू आहे."

"काऊन?"

याचं उत्तर द्यायची ती वेळ नव्हती. मी सिस्टीमनं नाकारलेल्या गोष्टींची नोंद उघडली. चाचांनी नागपूरहून आणलेले मराठी फॉन्ट त्यांच्या स्वतःच्या फोल्डरात होते आणि तो वाचायची परवानगी द्यायला मीच विसरले होते.

"बंदच करून टाक ना सगळं," चाचा म्हणाले. पुढारी खुर्ची ओढून माझ्या शेजारीच बसला होता, त्यामुळे माझंही मन डळमळलं. पण मी नियमांत एकच ओळ वाढवली: हे फॉन्ट फक्त वाचायचे. नाव उमटलं. पुढाऱ्यानं चौकोनवाला फ्लेक्सही सोडला नाही. धानाची तणीस, म्हणजे भाताचा पेंढा, झाकायला घेऊन गेला.

आठवड्याभरानं त्याच नोंदीत दिसलं, की कोणाच्या तरी पेनड्राइव्हमधली एक फाईल त्या प्रोग्रामच्या आडून डिझाइनांच्या फोल्डरात शिरू पाहत होती आणि तिला दारातच अडवलं होतं. चाचांनी ती ओळ माझ्याकडून दोनदा वाचून घेतली, समोरच्या चहावाल्याला ऐकवली आणि परत येऊन हळूच विचारलं, "बेटा, माह्या साळ्याले असं लावता येते काय? खुर्चीवर बसू दे, पाणी पिऊ दे. मशीनले हात नाई."

"माणसाले नाई लावता येत, चाचा."

चाचांचा चेहरा पार उतरला.