मी पोरापुढं वाकलो

मला या गावच्या मिरवणुकीत घेतलं ते माझ्या मिशांमुळं. जपानातल्या नागोया शहरापासून रेल्वेनं पाऊण तासावर हे गाव. मुलगा तिकडं गाड्यांच्या कारखान्यात इंजिनियर आहे, आणि आमची मंडळी गेल्यापासून मी त्याच्याकडंच राहतो. इथले म्हातारे रोज गुळगुळीत दाढी करतात. वस्तीच्या मंडळाचे अध्यक्ष, माझ्याच वयाचे, कचरा ठेवायच्या कोपऱ्यावर भेटले, माझ्या मिशांकडं बघतच राहिले आणि सुनेला जपानीत म्हणाले, "आमचा म्हातारा सरदार सापडला."

गावामागं टेकडीवर किल्ला आहे. म्हणजे आता नुसत्या पायऱ्या, दगडी तट आणि अलीकडं बांधलेला लाकडी दरवाजा. चारपाचशे वर्षांपूर्वी या खोऱ्यातली चाळीस गावं एका सरदाराच्या हाताखाली होती. झाडांची पानं लाल झाली की गावकरी त्याची मिरवणूक काढतात. मी चौथी शिकलेला माणूस. ही हकीकत अध्यक्षांनी सांगितली, सुनेनं मराठीत केली. एकदा ऐकलेलं मी विसरत नाही.

सरदाराला तीन मुलगे. थोरला लढाईत पडला. मधला सहा वर्षांचा असताना एका मोठ्या राजाकडं ओलीस ठेवावा लागला. बापानं दगा केला असता तर पोराची मान गेली असती. आई दर हिवाळ्यात त्याला घरच्या झाडाची वाळवलेली फळं पाठवायची. चौदा वर्षांनी तो परत आला तेव्हा आईलाच ओळखेना. धाकटा मात्र बापाच्या मांडीवर वाढलेला, जुने शिलेदार सगळे त्याच्या बाजूचे. तरी सरदारानं जितेपणी घर मधल्याच्या हाती दिलं, डोकं भादरलं आणि देवळात जाऊन राहिला. मिरवणुकीचा शेवट तोच. किल्ल्याच्या दारात बाप पोराला तलवार देतो, "आजपासून घर याचं" म्हणतो आणि सगळ्यांदेखत गुडघे टेकून पोरापुढं वाकतो.

इथं माझं घोडं अडलं. कारण मधल्या पोराचं काम माझ्याच पोराला दिलेलं. पन्नाशीच्या आतला उंच गडी या गावात शोधून सापडत नाही.

"मी वाकणार नाही," पहिल्याच तालमीला मी सांगून टाकलं. "बाप पोराच्या पाया पडत नाही."

"बाबा, नाटक आहे हो ते," मुलगा म्हणाला.

"नाटकात तुझं दुसरं लग्न लावलं तर तुझ्या बायकोला चालेल?"

"भांडी ती घासणार असेल तर चालेल की," सून म्हणाली.

सुनेनं माझं म्हणणं अध्यक्षांना जपानीत सांगितलं. मग ते बराच वेळ बोलले. सूनबाईनं थोडक्यात सांगितलं, "बाबा, ते म्हणतात, न वाकणारा सरदार आम्हाला नको. मिशा कितीही झकास असल्या तरी. पुढच्या रविवारपर्यंत सांगा, नाहीतर खोट्या मिशा लावून ते स्वतः उभे राहतील."

मला ते काम हवं होतं, कबूल करतो. दोन वर्षांत या देशात कुणी मला एक काम सांगितलं नव्हतं. घरातला कचरासुद्धा सून वेगळा करायची, माझ्याकडून प्लास्टिक चुकतं म्हणून. पण वाकायचं म्हणजे काय!

मी सुनेला म्हटलं, "विचार त्यांना, तो एवढा मोठा सरदार, त्यानं वाकायचं कारण काय?"

अध्यक्ष म्हणाले, "जुने शिलेदार फक्त त्याचंच ऐकायचे. तो ताठ उभा राहिला असता तर त्यांनी त्याच्याकडंच बघितलं असतं. तो वाकला, म्हणून त्यांना पोराकडं बघावं लागलं."

 ते उत्तर डोक्यातून जाईना.

माझ्या बापानं मरेपर्यंत सगळं मुठीत ठेवलं. मागं कुणी कारभार बघायचा ते सांगितलं नाही. तेराव्याला थोरल्याच्या डोक्याला पागोटं बांधलं आणि चौदाव्याला आम्हा तिघा भावांच्या तीन चुली झाल्या. बापाचा ताठ कणा आम्ही अकरा वर्षं कोर्टात वाहिला. आणि मी काय वेगळं करत होतो? बांधावरचं झाड तोडायचं तरी गावाकडं माझी शेती बघणाऱ्या पुतण्यांचा फोन मला. ज्याच्या शब्दावर कारखान्यात शंभर माणसं हलतात, त्या माझ्या पोराला ते नुसतं "तिकडं थंडी काय म्हणतीय" विचारायचे. डोळे मिटल्यावर माझ्या घराचंही तेच होणार, हे मला दिसत होतं.

शनिवारीच निरोप धाडला, वाकतो म्हणून.

मिरवणुकीच्या दिवशी मला वर न्यायला खुर्ची आणली होती. मी हात लावू दिला नाही. अंगावर चिलखत, कमरेला तलवार, दोनशेच्या वर पायऱ्या चढलो. गुडघा कुरकुरत होता, त्याला म्हटलं आज गप. वर दारात मुलगा उभा. शिरस्त्राण डोळ्यांवर घसरलेलं, घामानं निथळलेला, पण उभा कसा, तर खांबासारखा. त्याच्याकडं मान वर करून बघायची वेळ माझ्यावर कधी आली नव्हती. तलवार दोन्ही हातांनी दिली. जपानी वाक्य असं ठणकावून म्हटलं की खालच्या पायरीवरची पोरंसुद्धा गप्प झाली. मग गुडघे टेकले आणि कपाळ मातीला लावलं.

 मग माझ्यामागं चिलखतं खळखळली. एक, दोन, मग एकदम सगळी. शिलेदार झालेले चाळीस गावकरी गुडघ्यावर आले होते. उभ्या आयुष्यात ताठ राहून मी चार माणसं वाकवली नाहीत, आणि एकदा वाकलो तर चाळीस! छाती अशी फुगली की चिलखताचे बंद ताणले.

चिलखत काढायच्या आधीच गावाकडून थोरल्या पुतण्याचा फोन. सुनेनं मोबाइलवरून सगळं तिकडं दाखवलेलं.

"आबा, हे काय बघतोय आम्ही? पोरापुढं वाकला तुम्ही?"

"वाकलो."

"बरं ते राहू द्या. खालच्या पट्टीत ऊस मोडून आलं लावू का?"

"त्याला विचार."

"दादाला? त्याला काय कळतंय शेतीतलं?"

"मी वाकलेलो दिसलो ना? मग आता तुमची पाळी," म्हटलं आणि फोन मुलाच्या हातात दिला.

त्यानं शिरस्त्राण काढलं, सगळं ऐकून घेतलं. पाणी किती आहे विचारलं, बेणं कुठून आणणार विचारलं. मग म्हणाला, "ऊस राहू दे या वर्षी."

मी आलंच लाव म्हटलं असतं. तोंड उघडलं नाही.